किराणा साडेतीनपट झाला. त्यात गळती किती?

वाचकाचं पत्र:

२०१४ मध्ये आम्ही दोघं आणि तीन वर्षांचा मुलगा होतो. किराणा, दूध, भाजी, फळं, साबण-पावडर सगळं धरून महिन्याला साडेसहा हजारांत भागायचं. आज मुलगा चौदाचा आहे, मुलगी नऊची, आणि चार वर्षांपासून सासूबाई आमच्याकडे आहेत. २०२५ सालातली सरासरी काढली तर खर्च महिन्याला साडेतेवीस हजार निघतो. यजमान म्हणतात, "माणसं तीनाची पाच झाली, खर्च साडेतीनपट कसा? भाऊ तिघांत अकरा हजारांत भागवतो." (दिरांचं दुपारचं जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये असतं. त्यांचा मुलगा चार वर्षांचा आहे.) सासूबाई म्हणतात, "आम्ही सात माणसं होतो, महिन्याला तीन किलो तेल पुरायचं." आमच्याकडे तेल आठ लिटर लागतं, दूध रोज दोन लिटर म्हशीचं, वर विकतचं तूप किलोभर. बिस्किटं, फरसाण, नूडल्सवर बावीसशे जातात, आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या ऑर्डरी महिन्याला पंधरा तरी होतात. एप्रिलमध्ये दोन क्विंटल गहू भरतो. खरंच हात सैल सुटलाय का माझा? आणि हिशेब ठेवायचा तर कसा?
— एक वाचक, नाशिक

ताई, आधी उत्तर, मग हिशेब. तुमच्या साडेतेवीस हजारांत गळती आहे, पण ती तेराशे ते तेवीसशे रुपयांच्या मधली आहे. उरलेली सगळी वाढ घरात वाढलेल्या दोन माणसांमुळे, मुलांच्या वयामुळे आणि बाजारभावामुळे झालेली आहे. ती तुम्ही केलेली नाही आणि तुम्हाला थांबवताही येणार नाही.

यजमानांची चूक एकच. ते डोकी मोजतात. किराणा डोक्यांवर चालत नाही, ताटांवर चालतो. तीन वर्षांचं मूल आणि चौदा वर्षांचा मुलगा हे दोघंही "एक माणूस" धरले की गणित तिथेच फसतं. बैठं काम करणाऱ्या पुरुषाचं जेवण म्हणजे एक ताट असं माप धरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात अशा पुरुषाला दिवसाला २,११० किलोकॅलरी धरल्या आहेत आणि बैठ्या कामाच्या स्त्रीला १,६६०. म्हणजे ती ०.८ ताट. एक ते तीन वर्षांच्या मुलाला १,११०, म्हणजे जेमतेम अर्धं ताट. चार ते सहा वर्षांना १,३६०, म्हणजे ०.६५. सात ते नऊ वर्षांना १,७००, म्हणजे आईइतकंच, ०.८. आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २,८६०. म्हणजे तुमचा मुलगा आज बापापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त जेवतो. त्याचं ताट १.३५. सासूबाईंचं आपण ०.७५ धरू.

आता बेरीज करा. २०१४ मध्ये १ + ०.८ + ०.५, म्हणजे २.३ ताटं. आज १ + ०.८ + १.३५ + ०.८ + ०.७५, म्हणजे ४.७ ताटं. माणसं पावणेदोनपटसुद्धा झाली नाहीत, पण ताटं दुपटीच्या वर गेली.

बाजारभावाचंही गणित सोपं आहे. या अकरा वर्षांत अन्नपदार्थांचा सरकारी किंमत निर्देशांक दीडपटीहून थोडा जास्त वाढला. आपण १.६ धरू. जुने ६,५०० गुणिले ताटांचे २.०४, झाले १३,२६०. त्याला १.६ ने गुणलं की २१,२०० च्या आसपास. तुमचा खर्च २३,५००. फरक उरला २,३०० रुपयांचा. यजमानांना सतरा हजार वाढलेले दिसतात, त्यातले जाब विचारण्यासारखे एवढेच.

हाच आकडा धाकट्या जावेच्या घरावरून तपासता येतो. त्यांची ताटं १ + ०.८ + ०.६५, म्हणजे २.४५. पण दिरांची महिन्याची बावीस दुपारची जेवणं कँटीनमध्ये होतात. दोन वेळची साठ जेवणं धरली तर त्यांचं घरातलं ताट ०.६५ च उरतं. म्हणजे त्या घरात प्रत्यक्षात २.१ ताटं शिजतात, आणि अकरा हजारांना भागलं तर ताटामागे ५,२४० रुपये पडतात. तुमचे २३,५०० भागिले ४.७, म्हणजे ५,०००. ताटामागे तुम्हीच स्वस्तात आहात! कँटीनच्या जेवणाचे पैसे किराण्याच्या वहीत येत नाहीत, म्हणून त्यांचा खर्च कमी दिसतो.

मात्र इथेच थांबलं तर तुमच्या बाजूने जरा झुकतं माप होईल. मोठ्या घराला ताटामागे थोडा कमीच खर्च यायला हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्न-आराखड्यांत चार माणसांचं कुटुंब हे मूळ माप धरतात. तीन माणसांच्या घराला माणशी ५ टक्के वाढवून देतात, पाच-सहा माणसांच्या घराला ५ टक्के कमी करतात. म्हणजे तिघांवरून पाचांवर गेलं की माणशी खर्च साधारण दहा टक्के उतरायला हवा. देश वेगळा असला तरी कारण इथलंच आहे. फोडणीची मोहरी-हिंग, कुकरला लागलेला भात, उरलेली वाटीभर आमटी, सुकून गेलेली कोथिंबीर हे माणसांच्या प्रमाणात वाढत नाही, आणि मोठं पुडकं किलोमागे स्वस्त पडतं. घरभाड्यात एकत्र राहण्याचा फायदा मोठा असतो. जेवणात तो एवढाच, कारण पोट ज्याचं त्याचं असतं. जावेच्या ५,२४० मधून दहा टक्के वजा केले की ४,७१५ उरतात. गुणिले ४.७, म्हणजे २२,१६० च्या आसपास. या वाटेने गळती निघते तेराशेची.

आता सासूबाईंकडे वळू. त्यांच्याशी "तेव्हाचे भाव वेगळे होते" असा वाद घालू नका. तुमच्या घरात बरोबर पद्धतीने मोजणारी व्यक्ती त्याच आहेत. यजमान रुपयांत बोलतात, त्या किलोत बोलल्या. दोन काळांची तुलना करायची तर रुपये निरुपयोगी ठरतात, किलो टिकतात. फक्त त्यांना विचारा की त्या तीन किलोंखेरीज घरात काय यायचं: गावाकडचे शेंगदाणे, खोबरं, घरच्या सायीचं लोणी, रेशनवरचं तेल. स्निग्ध पदार्थ बरणीबाहेरही असतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरीच्या, म्हणजे जवळपास आपल्या एका ताटाच्या, दिवसाच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितलं आहे. तुमच्या ४.७ ताटांना महिन्याला हे असं पडतं: धान्य ३५ किलो, डाळी १२ किलो, भाजी ५६ किलो, फळं १४ किलो, दूध ४२ लिटर, आणि तेल-तूप ३.८ किलो. डाळीचा आकडा वाचून दचकू नका, बहुतेक घरांत त्याच्या निम्मीही डाळ जात नाही. उलट भाजी-फळांत तुम्ही या मापाच्या खाली असाल, तर काटकसरीच्या नावाखाली तिथे अजिबात कापू नका.

तेल मोजताना एक घोळ हमखास होतो. लिटर आणि किलो एक नाहीत. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यांत जवळपास दीड लिटरचा फरक असतो. पाकिटांची ठरावीक मापं सक्तीची राहिली नाहीत तेव्हापासून तर ८०० ते ८७० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीशेजारीच मांडलेल्या असतात, दिसायला सारख्याच. भाव पिशवीचा बघू नका. पाकिटावर कमाल किमतीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असेल, तर तोच वहीत लिहा.

तुमचं आठ लिटर तेल म्हणजे ७.३ किलो, वर किलोभर तूप. मापाच्या दुपटीहून जास्त. एकदम चार लिटरवर आणायला जाल तर आठव्या दिवशी घरात कुरकुर सुरू होईल आणि पंधराव्या दिवशी बाहेरून वडे येतील. सहा लिटरवर आणा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सहा पिशव्या वेगळ्या काढा, पाच दिवसांना एक. किटलीत पिशवी ओतली की तारीख पिशवीवर लिहून ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवा. बहुतेक घरांत तेल भाजीत जात नाही, तळणीत जातं. पुऱ्यांसाठी कढईत अर्धा लिटर ओतायचं, उरलेलं काळं पडेपर्यंत ठेवायचं आणि मग फेकायचं, असं होतं. लहान खोलगट कढई घ्या, २५० मिलीत तळा, तेल गार झालं की गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यात पुन्हा नवं तेल मिसळून तळू नका. दोन लिटर वाचले तर आजच्या भावाने तीनशे रुपये.

तुपाचं गणित मात्र आम्हाला कळलं नाही. रोज दोन लिटर म्हशीचं दूध येत असेल, तर महिन्याच्या सायीतून किलोभर तूप घरातच निघायला हवं. मग विकतचं कशाला? बहुधा साय चहात आणि दुधाच्या कपात जात असेल, किंवा पातेलं गॅसवरून उतरवून लगेच ओतलं जात असेल. दूध तापवून पूर्ण गार होऊ द्या, चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा, मग साय काढा. ती फ्रिजरमध्ये साठवा, नाहीतर आठ-दहा दिवसांत कडवट होते आणि तुपाला वास येतो. विरजण घालून आठवड्याला एकदा घुसळा. हे वाचले साडेसहाशे. दूध स्वतः कमी करू नका. मापापेक्षा अठरा लिटर जास्त आहे हे खरं, पण त्यातून दही, ताक आणि तूप निघतं, घरात दोन वाढती मुलं आहेत.

पाकिटांचे बावीसशे. यात तुम्ही एकट्या नाही. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी घरांचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ३९.६८ टक्के निघाला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पेयं व तयार खाद्यपदार्थांचा होता, एकूण खर्चाच्या ११.०९ टक्के. धान्याचा वाटा आता पाच टक्क्यांच्याही खाली आहे, पाव शतकापूर्वी तो बारा टक्के होता. म्हणूनच गव्हाच्या जातीवरून, तांदळाच्या दोन रुपयांवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे दुसऱ्या फळीवर आहेत.

पण बिस्किटं बंद करून तुमच्या मुलाची संध्याकाळची भूक बंद होणार नाही. पाच वाजता त्याला खरोखरच अर्धं ताट लागतं, आणि ते तयार नसलं की तो पाकीट फोडतो. आठवड्याला एकदा चिवडा करा: पातळ पोहे अर्धा किलो, दाणे १५० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, तेल १०० मिली (हे त्या सहा लिटरमधलंच). पोहे आधी कोरडे भाजून कुरकुरीत करा. ओले राहिले तर तेल पितात आणि दोन दिवसांत चिवट होतात. पाऊण किलोहून अधिक चिवडा सव्वाशे-दीडशे रुपयांत होतो. जोडीला उकडलेली अंडी खात असाल तर ती, नाहीतर दाण्याचे लाडू, किंवा दोन जास्तीच्या पोळ्या. नूडल्स रविवारी राहू द्या. बावीसशेचे चौदाशे झाले तरी पुरे.

मोबाइलच्या पंधरा ऑर्डरींत दोन गोष्टी जातात: वरचं शुल्क, आणि लहान पुडकी. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ऑर्डर उघडली की किमान रक्कम भरायला चिप्स आणि चॉकलेट आत येतं. अॅप काढून टाका असा सल्ला आम्ही देत नाही, तो कोणी पाळत नाही. फ्रिजवर कागद लावा. काही संपलं की त्यावर लिहायचं आणि बुधवार-शनिवार अशी दोनदाच ऑर्डर, तीही फक्त कागदावरची. दूध फाटलं, पाहुणे आले, हे अपवाद. महिन्याला तीनशे तरी सुटतील.

तीनशे, साडेसहाशे, आठशे, तीनशे. झाले दोन हजार पन्नास. वरच्या दोन्ही वाटांनी काढलेल्या गळतीच्या मधेच हा आकडा बसतो.

आता वही. तीन महिने ठेवा, जास्त नको, नाहीतर कंटाळून सुटते. चार रकाने: वस्तू, वजन, दर, रक्कम. साबण, पावडर, फिनेल, टूथपेस्ट यांचं पान वेगळं. या वस्तू ताटांवर चालत नाहीत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. कपड्यांच्या पावडरीचा मात्र १८ च आहे. एकाच बेरजेत घातलं तर कर उतरल्यामुळे झालेली बचत तुम्ही स्वयंपाकघराच्या नावावर लावाल.

पहिल्या तारखेला तेल, साखर, तांदूळ, तूरडाळ, पीठ, चहा या सहाच वस्तूंचे डबे तोला. महिन्यात वापरलेलं म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा. ही पायरी गाळली की खरेदीलाच वापर समजण्याची चूक होते, आणि पाच किलोचं पुडकं आणलेला महिना उधळा ठरतो. गव्हाचंही तेच. दोन क्विंटलला सात हजार दिले असतील, तर ते एप्रिलमध्ये लिहू नका, दरमहा ५८५ च्या आसपास लिहा. दोन क्विंटल म्हणजे महिन्याला जेमतेम सतरा किलो, एवढा तुमच्याकडे सहज खपेल. पण गहू दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळलेला नसेल तर पावसाळ्यात जाळी धरते, आणि मग वर्षाच्या भरण्यातली बचत निवडण्या-पाखडण्यात आणि टाकून देण्यात जाते.

माणसांचं येणं-जाणंही लिहायला हवं. ४.७ ताटं गुणिले तीस दिवस, म्हणजे १४१ ताट-दिवस. तुमचा आजचा खर्च ताट-दिवसाला १६७ रुपये. दिवाळीत चार मोठी माणसं पाच दिवस राहिली तर साधारण १८ ताट-दिवस वाढतात. त्या महिन्यात २७,००० झाले तरी दर १७० च निघतो, म्हणजे काही बिघडलेलं नाही. उलट मे महिन्यात दोन्ही मुलं पंधरा दिवस मामाकडे गेली की ३२ ताट-दिवस कमी होतात, आणि खर्च सव्वाअठरा हजारांच्या जवळ यायला हवा. एकवीस हजार झाला तर वहीत शोधा. गळती भरल्या घरात लपते आणि अशा रिकाम्या महिन्यांत उघडी पडते.

मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या, पुढच्या वर्षी त्याच उतरल्या. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, आणि ऐन सणात पिशवी महागली. मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आलं. अशा महिन्यांत रुपयांच्या रकान्यावरून कोणालाच बोल लावता येत नाही. वजनाचा रकाना तेवढा बघा.

ताटांची बेरीज दर जूनमध्ये नव्याने करा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला त्याच तक्त्यात ३,३२० किलोकॅलरी आहेत, म्हणजे दीड ताटाच्या वर. मुलगी तेरावं गाठेल तेव्हा तिचं ताट १.१५ होईल. चार वर्षांनी तुमच्या घरात तीच पाच माणसं सव्वापाच ताटं जेवतील. यजमानांना हे आत्ताच सांगून ठेवा. आणि मुलगा शिक्षणाला बाहेरगावी गेला की खर्च पाचव्या हिश्श्याने नाही, जवळपास तीस टक्क्यांनी उतरेल. त्या महिन्यात यादी जुनीच दिली तर पावसाळ्यात रवा-बेसनात किडे होतील, म्हणून तो गेला की आधी डबे लहान करा.